भंडारा नको, मशीन लावा

ती घटना माझ्या मनातून अजून हललेली नाही, आणि हलू नये असंच मला वाटतं.

निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरायला गेलं की ओळखीचे चार जण हटकून गाठतात. "साहेब, ते लाय डिटेक्टर लावलं की चोर घडाघडा बोलतो म्हणे. मग तुम्ही लोक एवढी वणवण कशाला करता?" टीव्हीवरच्या मालिकांची ही कृपा. तिथे सुई हलली की गुन्हेगार रडायला लागतो आणि लगेच जाहिरात लागते. मी म्हणतो, "चहाला या, सांगतो." जे चहाला येतात त्यांना मी हीच हकिगत सांगतो.

त्या वेळी माझी नेमणूक लोहारा तालुक्यात होती. सास्तूरच्या बाजूचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही. भूकंपानंतर नव्याने वसलेलं ते गाव. सरळ रुंद रस्ते, एका मापाची घरं, घरांवर नंबर. जुनं गाव ओढ्याच्या पलीकडे राहिलं. तिथे आता वेड्या बाभळी, दगडांचे ढीग आणि मधूनच एखादी अर्धी भिंत.

नवरात्र तोंडावर आलं होतं. या दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसाला घरदार आठवत नाही, फक्त तुळजापूरचा बंदोबस्त आठवतो. कुणाला कुठे पाठवायचं या गडबडीत ठाणं असतानाच गावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष फिर्याद घेऊन आले. देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता. मूर्ती जागेवर होती, मुखवटा रात्री ज्यात ठेवायचे त्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं, देवळाची कडीही शाबूत होती. घटस्थापना जवळ आलेली आणि देवीला मुखवटा नाही, म्हणून सगळं गाव देवळासमोर जमलं होतं.

पंचनामा केला, जबाब नोंदवले. किल्ली असायची ती देवीची पूजा करणाऱ्या गुरवबाबांच्या कमरेला. ऐंशीच्या घरातला माणूस. "माझी आई गेली हो साहेब," म्हणून ते ओक्साबोक्शी रडत होते. त्यांनी अन्न सोडलं होतं. त्यांच्याकडे संशयाने बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. पन्नास वर्षं ज्याने त्या देवीला न्हाऊ घातलं, त्याने मुखवटा चोरून करायचं काय?

दुसऱ्या दिवशी आमच्या बीट हवालदाराने खबर आणली. मुखवटा गेला त्या संध्याकाळी गावातला वायरमन देवळात दिव्यांच्या माळा लावत होता. आरतीनंतर गुरवबाबा आणि तो, दोघेच उरले होते. खबर देणाऱ्याने आवाज खाली करून एक गोष्ट जोडली होती, की वायरमन बौद्ध वस्तीतला आहे. काम असताना वायरमन आठवतो, वस्तू हरवली की त्याची वस्ती आठवते. नोकरीत हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की राग यायचाही थांबला होता. तरी शेवटपर्यंत देवळात असलेला माणूस म्हणून त्याची चौकशी करणं भाग होतं.

चाळिशी ओलांडलेला, शांत माणूस. गावात असं घर नव्हतं ज्याचं वायरिंग त्याने केलेलं नाही. लोकांच्या घरात तो थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि बायका "दादा, तेवढं मिक्सर बी बघा की" म्हणायच्या. गावात कमावलेली ही जागा आता त्याच्या पायाखालून सरकत होती. खबर पसरल्या दिवसापासून त्याला एकाही घरातून बोलावणं आलं नाही.

मी देवळासमोर गेलो तेव्हा गावाने आपला तपास पुरा केला होता. देवीपुढे बेल आणि भंडारा ठेवला होता. आमच्याकडे अजूनही पुष्कळ वाद असेच मिटतात. बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, की माणूस सुटला. अध्यक्ष त्याला समजुतीने सांगत होते, "भंडारा उचल आन् मोकळा हो बाबा. आमचं बी समाधान, तुजं बी."

वायरमन हात मागे बांधून उभा होता. "म्या चोरी केली न्हाय. पन भंडारा बी उचलनार न्हाय. आमच्या आज्यानं धम्म घेतलाय. ज्याला आमी मानत न्हाय, त्याची शपत घेतली तर तीच खोटी व्हईल."

"मग तू खरा कशावरनं?"

तो माझ्याकडे वळला. "सायेब, मशीन लावा. टीव्हीत असतंय ते. मशीनला जात न्हाय आन् देव बी न्हाय. मशीन म्हनंल ते मला कबूल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला स्वतःहून लाय डिटेक्टर मागितला. मी त्याला ठाण्यात बसवून नियम नीट समजावले. ही चाचणी सक्तीने करता येत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर संमती नोंदवावी लागते. वकिलाचा सल्ला घेता येतो. चाचणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे नाही म्हटलंस तरी तुझं काही बिघडत नाही. तो म्हणाला, "कोर्टाचं ऱ्हाऊ द्या सायेब. गावाला कळलं म्हंजे झालं."

त्याच्याबरोबर आणखी एकाने संमती दिली. हा परिसरातला नामांकित भुरटा, विहिरीवरच्या मोटारी उचलण्यात हातखंडा. त्याला शहर बघायचं होतं, असं माझं आजही मत आहे.

प्रयोगशाळा लांबच्या शहरात होती. चाचणी घेणाऱ्या बाई तरुण आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. छातीला आणि पोटाला श्वास मोजणाऱ्या रबरी नळ्या, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या चिमट्या. कोणते प्रश्न विचारणार ते आधीच वाचून दाखवतात आणि उत्तर फक्त हो किंवा नाही द्यायचं. वायरमन वायरी बघून हसला. "आमच्याच धंद्यातलं दिसतंय," असं काहीतरी तो बाईंना म्हणाला. आपण सुटणार याची त्याला एवढी खात्री होती. मात्र प्रश्न वाचून झाल्यावर त्याचं हसू गेलं, हे बाईंनी मला नंतर सांगितलं.

भुरटा सहीसलामत बाहेर आला. या भागात तुम्ही कधी काही चोरलंय का, यालाही त्याने झोपेतल्यासारखं "नाही" म्हटलं आणि पडद्यावरची रेघ हलली नाही. पुढे महिन्याभरात त्याच्या कडब्याच्या गंजीखालून आम्ही मोटारी काढल्या.

वायरमनची रेघ मात्र उसळली. अहवालात शब्द होता, 'फसवणूकदर्शक प्रतिसाद'.

देवीचं नवरात्र मुखवट्याविनाच गेलं. अहवाल बंद पाकिटात आला, पण मी पाकीट फोडायच्या आधी ते गावाला कळलं होतं. कसं, ते पोलीस खात्याला आजवर उमगलेलं नाही. गावातली तरणी पोरं अटकेची मागणी करत ठाण्यावर आली. वायरमन आपणहून आला आणि बाकावर बसला. मी चहा सांगितला. तो त्याने तसाच निवू दिला.

"मुखवटा घेतलास?"

"न्हाय."

"मग कुणी घेतला?"

त्याने निवलेला कप बाजूला सारला. "सायेब, मशीनच मला खोटा म्हनतंय. आता माझ्या शब्दाला काय किंमत? घाला आत."

संशयित माणूस 'आत घाला' म्हणाला की तपास अधिकाऱ्याने थांबावं, हे मला एका जुन्या हवालदाराने शिकवलं होतं. दोषी माणूस सुटायची वाट शोधतो. हा वाट बंद करून घेत होता.

मी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, मशीन खोटं पकडत नाही. धडधड पकडतं. भीती, अपमान, राग, सगळ्यांची धडधड सारखीच दिसते. 'मुखवटा तुम्ही घेतला का' याला त्यांची रेघ वर गेली, पण इतकी बदनामी झालेल्या माणसाची जाणारच. सगळ्यांत जास्त उसळली ती 'मुखवटा कोणी नेला हे तुम्हाला माहीत आहे का' या प्रश्नाला. आणि तिथे श्वास धरला होता त्यांनी. यावरून काय समजायचं ते तुम्ही बघा. माझं मशीन एवढंच सांगतं."

मी त्याच दुपारी वायरमनच्या घरी गेलो. घर नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याची म्हातारी आई ज्वारी पाखडत होती. पोलीस आला म्हटलं की माणसं एक तर उभी राहतात नाही तर रडतात. म्हातारीने बसायला सतरंजी टाकली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

"मावशी, तुमचा मुलगा खोटं बोलतो का?"

तिने थोडा विचार केला. मी अशा शेकडो आयांना हा प्रश्न विचारला असेल, पण विचार करणारी ही पहिलीच. "बोलतंय की. न्हाय कशाला म्हनू? पन सोतासाठी न्हाय बोलत. ल्हानपनी बी दुसऱ्याचा मार खाऊन यायचं. किती बी इचारा, नाव सांगायचं न्हाय."

यंत्राने जे पकडलं होतं ते आणि म्हातारीने जे सांगितलं ते, एकच होतं. फरक इतकाच की म्हातारीला कारण माहीत होतं.

आता प्रश्न एकच उरला, तो कुणासाठी खोटं बोलत होता? आरतीनंतर देवळात दोघेच होते. मी तिथून उठलो आणि गुरवबाबांच्या घरी गेलो. बाबांचा मुलगा ट्रकवर, तो महिन्यातून एकदा यायचा. घरी फक्त सून. बाबा ओसरीवर बसले होते. मला बघून त्यांनी हात जोडले आणि ते गोड हसले.

"या, या. कुन्या गावचे पावने म्हनायचे?"

मी या माणसाचा जबाब स्वतः घेतला होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते रडले होते. दारातून सुनेने माझा चेहरा पाहिला आणि पदर तोंडावर घेतला. आतल्या खोलीत जाऊन ती सांगू लागली. मामांचं असंच व्हायला लागलंय, मधूनच सगळं पुसलं जातं. पूजा मात्र एका मंत्राला चुकत नाहीत. कधी पहाटे, कधी दिवेलागणीला उठून ओढ्यापलीकडे जुन्या गावात चालू लागतात. "वायरमन दादाच आनत्यात त्यांना मोटरसायकलवरनं. त्यास्नी म्याच शपत घातली हुती, कुनाला सांगू नका म्हनून. समितीला कळलं तर मामाची पूजा काढून घेत्याल. पूजा गेली तर मामा जगायचे न्हाईत सायेब."

"मुखवटा त्यांनीच नेलाय, हे माहीत होतं तुम्हाला?"

"आईशपत न्हाय."

संध्याकाळ व्हायच्या आत वायरमनला पुन्हा बोलावलं. या वेळी मी एकच गोष्ट विचारली. "बाबांना केव्हापासून आठवेनासं झालंय?" तो दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. मग त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी बाबांनी मुखवटा उपरण्यात गुंडाळून नेताना त्याने पाहिलं होतं. सणाआधी उजळायला नेत असतील, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी गलका झाला तेव्हा त्याने बाबांना गाठून विचारलं, तर ते त्याच्याच गळ्यात पडून "आई गेली रं" म्हणून रडायला लागले. जुन्या गावात जाऊन त्याने देवळाचा चौथरा पालथा घातला होता. तिथे काही नव्हतं.

बाबांना विचारून उपयोग नव्हता. त्यांना तुम्ही नेलात का म्हटलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि ते त्यांच्यापुरतं खरंच होतं. मी ओसरीवर त्यांच्या शेजारी बसलो आणि जुन्या काळची रीत विचारली. मुखवटा तेव्हा कुठे असायचा? बाबांचा चेहरा उजळला. पूर्वी समिती नव्हती, कपाट नव्हतं. आरती झाली की मुखवटा गुरवाने आपल्या घरी न्यायचा, रात्री देवी गुरवाच्या घरी मुक्कामाला, सकाळी परत देवळात. त्यांच्या बापाने, आज्याने हेच केलं होतं.

"मग बाबा, आता आरती झाली. चला की घरी."

"व्हय की. चला," म्हणून ते उठले. आणि आपल्या घराच्या ओसरीवरून उतरून घरी जायला निघाले.

दिवस कलायला आला होता. पुढे बाबा, त्यांच्या मागे वायरमन आणि सून, मग मी, हवालदार आणि तालुक्याहून आणलेले दोन पंच. ओढा ओलांडल्यावर म्हाताऱ्याची चाल बदलली. आम्ही काट्यांतून वाट काढत होतो आणि ते नसलेल्या गल्ल्यांमधून वळणं घेत होते. देवळाचा चौथरा आला, तिथे हात जोडून ते पुढे निघाले. एका ढिगाऱ्यापाशी थांबले, मागे वळून आम्हाला म्हणाले, "वाका हां, चौकट ठेंगनी हाय," आणि स्वतः वाकून आत गेले. तिथे चौकट नव्हती, दार नव्हतं, छप्पर तर नव्हतंच. पण वायरमन वाकला, सून वाकली, माझा धिप्पाड हवालदार टोपी काढून वाकला, आणि मीही वाकलो. न वाकता आत जायला आमच्यापैकी कुणाचं मन धजलं नाही.

आत एक अर्धी भिंत होती आणि भिंतीत कोनाडा. मुखवटा तिथे होता, उपरण्यावर नीट ठेवलेला, समोर वाळलेली झेंडूची फुलं. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "अगं, दिवा लाव. पावने आल्यात." त्यांची बायको भूकंपात त्याच भिंतीखाली गेली होती. हवालदाराने खिशातली काडेपेटी काढली आणि एक काडी ओढून कोनाड्यापाशी धरली, ती विझेपर्यंत.

जागेवर पंचनामा झाला. परतताना वायरमन माझ्या जवळ आला. "सायेब, मुखवटा सापडला एवढंच सांगा गावाला. बाबाचं नाव काढू नका. माझं काय, मला सवय झाली आता."

मी काही बोलायच्या आत सून पुढे झाली. "न्हाय दादा. तुमी लई झाकलंत. आता मी बोलते."

आणि ती बोलली. देवळासमोर सगळ्या गावादेखत, डोक्यावरचा पदर सावरत तिने सगळं सांगितलं. मामांचा आजार, जुन्या गावाच्या फेऱ्या, आणि तोंड न उघडता वायरमनने सोसलेलं. बाबांना मात्र यातलं काही कळत नव्हतं. त्यांना घाई होती मुखवटा चढवण्याची. एकट्याला तो नीट बसवता येत नव्हता. त्यांनी गर्दीकडे वळून वायरमनला हाक मारली, "ए लेकरा, धर की जरा."

वायरमन जागचा हलेना. त्याने आधी माझ्याकडे आणि मग अध्यक्षांकडे पाहिलं. एक जण आडवा यायला निघाला होता, पण अध्यक्षांनी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं आणि ते वायरमनला म्हणाले, "जा. बाबा बोलावत्यात." तो आत गेला. त्याने दोन्ही हातांनी मुखवटा धरला आणि बाबांनी मागची दोरी बांधली. नमस्कार त्याने केला नाही. त्याने करावा असं कुणी म्हटलंही नाही.

अप्रामाणिक हेतूच नसल्यामुळे तो गुन्हा ठरत नव्हता. मी न्यायालयाला 'क' समरी पाठवली, म्हणजे हा प्रकार गैरसमजातून घडला, आणि ती मंजूर झाली. समितीने बाबांची पूजा काढली नाही. किल्ली सुनेकडे आली आणि आरतीनंतर बाबांना घरी पोचवायला रोज गल्लीतलं कुणी ना कुणी जाऊ लागलं. वायरमनला बोलावणी सुरू झाली. पहिलं बोलावणं अध्यक्षांच्या बायकोचं होतं, गिझरसाठी. ते पटकन आलं नाही, आठ-दहा दिवस गेले. माणसाला लाज गिळायला तेवढा वेळ लागतोच.

या प्रकरणाने मला यंत्राचा द्वेष शिकवला नाही. त्या बाईंच्या मशीनने मला योग्य दिशेला ढकललं, हे मी मान्य करतो. पण थर्मामीटर ताप सांगतो, रोग सांगत नाही. निगरगट्ट माणूस त्यातून पार होतो, भला माणूस अडकतो, आणि ज्याने वस्तू नेली तो विसरलेला असेल तर मशीन त्याच्यापुढे हात टेकतं. छातीत धडधड का झाली, हे कळायला त्या माणसाच्या घरी जाऊन सतरंजीवर बसावं लागतं. तरुण अधिकारी विचारतात तेव्हा मी हेच सांगतो.

बदली झाल्यावर निरोप घ्यायला मी त्या गावी गेलो होतो. वायरमन खांबावरून उतरून भेटायला आला. मनात राहिलेलं मी विचारून टाकलं, "अरे, मशीन तूच मागितलंस. तिथे खोटं बोललं तर पकडले जाऊ, एवढं कळलं नाही तुला?"

तो हातातली पक्कड पुसत राहिला, मग ओशाळून हसला.

"मला वाटलं सायेब, मशीन फकस्त माझ्याबद्दलच इचारंल."